मोरीसमोर बावन्न मीटर

सुभेदार उदयसिंहांनी ट्रॉलीतून सिमेंटचे खांब उतरवले आणि दीपालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, "उद्या सकाळी रोवणार. रस्त्यावरल्या मोरीपास्नं आत सेहेचाळीस मीटर. तितनं पुढं माझं रान."

सेहेचाळीसला खांब गेले की द्राक्षाच्या शेवटच्या दोन ओळी त्यांच्या हद्दीत जाणार होत्या. त्या दीपालीच्या सासऱ्यांनी, धरणेंद्रांनी, वारण्याआधीच्या वर्षी लावलेल्या. महापुरानं बांध धुऊन नेला, रस्त्याखालच्या मोरीसमोरचा हद्दीचा दगडही गेला. वरच्या अंगाचे दोन दगड तेवढे हळदीच्या रानात शिल्लक होते. त्यांच्या रेषेत दोरी ताणावी तर मध्ये सुभेदारांचा दहा फुटी ऊस.

"दगड गेला म्हणून काय झालं?" सासूबाई गुणमाला म्हणाल्या. "त्याच्या बुडाला आमच्या ह्यांनी पाटीभर कोळसा पुरलाय. मोरीच्या नेमका समोर. कोळसा कुजत न्हाई."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "कोळसा दाखवा, खांब तितंच रोवतो. पण रानभर उकरू देणार न्हाई. दोन खड्डे. बास."

दीपाली पलूसला सून म्हणून येण्याआधी कराडच्या कॉलेजात गणित शिकली होती. तिनं सरळसोट डांबरी रस्ता हाच x अक्ष धरला. रानाच्या वरच्या कोपऱ्यापासून रस्त्यानं पुढे किती तो x, रस्त्यापासून आत किती तो y. दोन दगडांवरून रेषा मिळणार, आणि मोरी दोनशे दहा मीटरवर. गडी धुळा टेप धरून हळदीत शिरला, आकडे ओरडत गेला. दीपालीनं मांडणी केली. उत्तर आलं अठ्ठावन्न.

मोरीपासून द्राक्षाच्या ओळींमधून काटकोनात अठ्ठावन्न मीटर मोजले. टेपचं टोक सुभेदारांच्या उसात गेलं.

"आवं सूनबाई, माझ्याच उसात शिरला की!" सुभेदार पोट धरून हसले. "खांबाआधी चहा तरी पाजा."

कंबरभर खड्डा झाला. नुसता गाळ.

"आई, माझं गणित चुकायचं नाही," दीपाली हळू आवाजात म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. गुणमालाबाई शेवटच्या ओळीजवळ जाऊन एका खोडाला टेकल्या.

दीपाली परत पहिल्या दगडाशी गेली. धुळा तिथं टेप गुंडाळत होता.

"धुळामामा, मघाशी टेप कसा धरलावता? दाखवा."

"कसा म्हंजे? सरी धरून. रान सरीनंच मोजत्यात, वैनी."

आणि हळदीच्या सऱ्या पाण्याच्या उतारानं तिरक्या होत्या! रस्त्याशी काटकोन नव्हताच. आत जाणारं अंतर वाढलेलं, रस्त्यावरचं घटलेलं.

दीपालीनं दोरीला तीन, चार आणि पाच मीटरच्या अंतरानं गाठी मारून, तिचा त्रिकोण ताणून काटकोन धरला, आणि सऱ्या तुडवत टेप सरळ नेला. पहिला दगड : रस्त्यानं वीस, आत चौदा. दुसरा : साठ आणि बावीस. चाळीस मीटरला आठ, म्हणजे पाच मीटरला एक. वीसला चार होतात, पण दगड चौदावर. तेव्हा दहा आधीच हवेत. तिनं वहीत लिहिलं, y = x/5 + 10. साठ घालून पाहिलं. बारा अधिक दहा, बावीस. मग दोनशे दहा घातले.

"बावन्न," ती म्हणाली. "खणा."

"ह्यो शेवटचा हं," सुभेदारांनी बजावलं. खड्ड्याशी तेच पुढे वाकून उभे राहिले.

गुडघाभर खणलं, गाळ. मांडीभर, गाळ. मग धुळाच्या खोऱ्यानं वेगळाच कुरकुर आवाज केला आणि वर आलेली माती काळी होती. त्यानं मूठभर उचलून सगळ्यांपुढं धरली. "घावलं! कोळसा हाय, कोळसा!"

गुणमालाबाईंनी एक खडा उचलून पदरात बांधला. दोन्ही ओळी खड्ड्याच्या अलीकडे होत्या.

सुभेदारांनी खड्ड्यात उतरून कोळसा बोटांनी चुरगाळला. मग उभे राहिले, काळं झालेलं बोट मिशीला लावलं नि खाड्कन सलाम ठोकला. "मानलं, सूनबाई." पहिला खांब त्यांनी स्वतःच्या खांद्यावर आणून तिथं उभा केला.

"मधले खांब कुठं? उसात दिसंना काय."

"दिसायची गरज नाही, काका. रस्त्यानं एकशे साठवर उभे राहा, टेप काटकोनात आत घ्या."

पाचटाची सळसळ लांब लांब गेली. उसातून हाक आली, "किती?"

"बेचाळीस!" दीपाली ओरडली, आणि वहीचं पान उलटून पुढचा आकडा काढायला घेतला.