लेकरांजोगं जहाज

मंठ्याच्या बाजारात चतुराबाईच्या कृषी केंद्रावर पाटी होती नवऱ्याच्या नावाची, पण गिऱ्हाईक यायचं ते तिच्या तोंडासाठी. कोणी दारात उभा राहून "चांगलं बियाणं द्या बाई" म्हणाला, की ती कमरेवर हात ठेवायची. "चांगलं म्हंजे? जमीन काळी का मुरमाड? पाणी किती? काही न सांगता मागतूस, मी काय देवऋषी हाय?" माणूस बोलणी खायचा, बराबर बियाणं घेऊन जायचा आणि पुढच्या हंगामाला पुन्हा तिच्याच दारात.

त्याच जोरावर एका वर्षी बियाण्याच्या कंपनीनं तिच्या दुकानाला बक्षीस दिलं. पाच माणसांना मुंबईहून गोव्याला आणि पुढं लक्षद्वीपला, मोठ्या जहाजातून सहल. जहाज कोणतं ते जिंकणाऱ्यानं निवडायचं आणि जालन्याला निजामोद्दीनच्या ट्रॅव्हल ऑफिसात सांगायचं.

पाच म्हणजे ती, नवरा पुंजाराम आणि तीन लेकरं. बद्री पुण्यात नोकरीला, प्रभा औरंगाबादला फार्मसीला आणि धाकटा भुजंग तिकडंच इंजिनिअरिंगला; कॉलेजात तो स्वतःला 'बीजे' म्हणवून घेई. तिघं एका पंगतीला शेवटचे कधी बसले, हे चतुराबाईला आठवत नव्हतं. एक यायचा तेव्हा दुसरा निघायचा. त्यात उन्हाळ्यात प्रभाचं लग्न. आता नाही, तर मग तिघं एकत्र कधीच सापडायची नाहीत. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नाही. वरून एवढंच म्हणाली, "जहाज मी निवडीन."

दीर तातेराव खो खो हसला. "वहिनी, चौथीतून शाळा सोडली तुम्ही, अन् जहाज निवडता? पोरं त्याच्यात पाय तरी ठेवत्यात का बघा. न्हाई आली तर जागा वाया घालू नका. मी अन् माझी बायको हाव की!"

आणि खरोखरच त्यानं चाकं लावलेली लाल बॅग विकत आणून ओसरीवर ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

चतुराबाईनं निजामोद्दीनला फोन लावला. "लेकरांना घेऊन जायचंय. लेकरं खूश झाली पाह्यजेत, असं चांगलं जहाज दे."

"मावशी, बिलकुल फिकर करू नका. लेकरांसाठी अव्वल नंबरचं जहाज देतो."

झालं. तिनं फोन ठेवला आणि अख्ख्या मंठ्याला सांगितलं.

जहाजाच्या ओढीनं दिवाळीला तिघंही आली. निजामोद्दीननं एसटीच्या कंडक्टरच्या हाती जहाजाचं रंगीत पुस्तक पाठवलं होतं, ते भुजंगनं सगळ्यांसमोर उघडलं. पहिल्या पानावर लाल नाकाचा विदूषक. दुसऱ्यावर रंगीत चेंडूंचा हौद आणि त्यात लोळणारी गुबगुबीत बाळं. तिसऱ्यावर लिहिलं होतं, बाळांना सांभाळायला बाई मिळेल.

"आई, ह्या चेंडूंत मला बसवणार का?" बद्री म्हणाला.

"अन् माझ्या हळदीला हा विदूषक बोलाव," प्रभा म्हणाली. तिघं पोट धरून हसली. मग बद्रीचंच हसणं आधी थांबलं.

"तुला आम्ही अजून एवढेच वाटतो ना? न्हाई जमायचं आई. त्याच दिवसांत मित्र महाबळेश्वरला चाललेत, मी तिकडं जातो."

"मीबी न्हाई मंग," भुजंग म्हणाला. प्रभानं पुस्तक मिटलं. "एकटी जाऊन मी काय करू?"

ओसरीवर तातेराव बॅगेची चाकं फिरवून बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चतुराबाई जालन्याला. ऑफिसात पाय टाकताच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "काय रे निजाम, भर दिवाळीत माझं हसं केलंस?"

"मावशी, तुमीच बोलले ना, लेकरं हायेत? मी तर तिघांचं हाफ तिकीट लावून राह्यलो!"

"हाफ? माझा बद्री तुझ्या ह्या दारातून वाकल्याबिगर आत यायचा न्हाई!"

"मंग त्याला लेकरू कशाला म्हणता?"

"मंग काय म्हणू? पोटच्या पोराला साहेब म्हणू?"

निजामोद्दीननं कपाळाला हात लावला. "मावशी, म्हाताऱ्यांचं जहाज अलग, नव्या जोडप्यांचं अलग, बच्चे कंपनीचं अलग. तुमी फक्त 'चांगलं दे' बोलले. चांगलं म्हंजे कोणाला चांगलं?"

चतुराबाईनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली. प्रश्न तिचाच होता. आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकलेला, आज फिरून तिच्यावर आला होता. आणि उत्तर? बद्री पुण्यात रविवारी काय करतो, प्रभाला काय आवडतं, बीजे म्हणजे नेमका कोण, हे तिला कुठं ठाऊक होतं?

"चहा सांग," ती म्हणाली. "अन् सगळ्या जहाजांची पुस्तकं दे. उद्या येते. तवर काही पक्कं करू नको."

संध्याकाळी तिनं बंद दुकान उघडलं. स्वतः गल्ल्यामागं बसली आणि तिघांना गिऱ्हाइकाच्या बाजूला उभं केलं.

"बोला. जमीन कशी, पाणी किती?"

"काय आई?"

"जहाजात काय पाह्यजे? एकेकानं सांगा. मी मधी बोलणार न्हाई."

भुजंगला ते खरंच वाटेना. मग बांध फुटल्यासारखा सुटला. मोठ्ठ्या आवाजात गाणी पाहिजेत, नाचायला जागा पाहिजे, आपल्या वयाची पोरं पाहिजेत. बद्री म्हणाला, "मला दहापर्यंत झोपायचंय. ऊठ म्हणणारं कोणी नको." प्रभा खाली बघत म्हणाली, "मला पवायचंय. मी शिकले औरंगाबादला. पवायचा ड्रेस घालून."

चतुराबाईच्या भुवया वर गेल्या, तिथंच थांबल्या, आणि हळूहळू खाली आल्या. "तुझ्या वयाची असताना मी विहिरीत उडी टाकायची. काष्टा मारून. अजून बोला."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. शेवटी बद्रीनं धीर केला. "अन् तू दर घटकेला 'खाल्लं का, कुठं चालला' इचारायचं न्हाई."

हे मात्र लागलं. पण गिऱ्हाईक खरं बोललं की रागवायचं नाही, हा तिच्या दुकानाचा नेम होता. "बरं," ती म्हणाली, "तसं जहाज मिळतंय का बघते."

दुसऱ्या दिवशी निजामोद्दीनला घाम फुटला. एका जहाजात पोहण्याचा हौद होता पण गाणी नव्हती. दुसऱ्यात गाणी होती, पण नाश्ता नवाला बंद. "नवाला? माझ्या बद्रीला उपाशी मारता का? ठेव बाजूला!" तिसऱ्यात वर पोहण्याचा हौद, मागच्या टोकाला नाचाचा हॉल आणि दिवसभर खाणं.

"हे कर पक्कं. आमची खोली पुढच्या टोकाला, त्यांच्या मागच्या टोकाला. मधी जेवढं जहाज मावंल तेवढं ठेव."

"मावशी, लोक तर बाजूबाजूची खोली मागतात."

"लोकांची लेकरं लहान असतील."

बद्रीनं महाबळेश्वरच्या मित्रांना 'येत नाही' म्हणून फोन केला, तो ओसरीवर, तातेरावाच्या देखत. त्याचं बोलणं संपताच चतुराबाई लाल बॅगेपाशी गेली. "भावजी, बॅग रिकामीच हाय न्हाई का? द्या इकडं. आम्हाला लागतीय."

जहाजावरच्या दुसऱ्या सकाळी चारी दिशांना नुसतं पाणी होतं. पुंजाराम चहाच्या कपावरून इकडं तिकडं बघत म्हणाला, "काल दुपारपासून पोरं दिसली न्हाईत गं."

"न दिसण्याजोगंच जहाज घेतलंय," चतुराबाई तोऱ्यात म्हणाली. तिच्याही ओठांवर 'खाल्लं का' येऊन बसलं होतं. तिनं ते चहाच्या घोटासोबत गिळलं.

दहा वाजून गेले, आणि लांब, त्या टोकाकडून तीन माणसं येताना दिसली. प्रभाचे केस ओले, बद्रीच्या डोळ्यांत झोप, भुजंगचा घसा बसलेला. तिघं सोबत, एकमेकांना ढकलत, हसत. भुजंग भेटेल त्याला विचारत होता, "हमारी आई को देखा क्या?"

"कुठं होतीस?" बद्री धापा टाकत म्हणाला. "सगळं जहाज पालथं घातलं. खाल्लं का काही?"

"दर घटकेला इचारायचं न्हाई, असं ठरलं न्हाई का आपलं?" चतुराबाई म्हणाली. शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले, इतकी ती मोठ्यानं हसली.

प्रभानं तिचा हात धरला. "आई, हौद लय भारी हाय. उद्या तरी पाण्यात पाय सोडून बस."

"उद्या कशाला?" चतुराबाई उठली, चपला पुंजारामच्या हवाली केल्या आणि लुगड्याचा काष्टा घट्ट खोचत लेकरांच्या पुढं चालू लागली.