‘ब’ने काय करायला हवं होतं

लोखंडाच्या कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात तिला सगळे ताई म्हणायचे. वर्गातली बाकीची मंडळी कॉलेजातून सरळ इथे आलेली. ही मात्र कैक वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन, संसार करून, आणि त्या संसाराचं जे व्हायचं ते होऊन आलेली. तिचा नवरा याच कारखान्यात, झोतभट्टीच्या गॅस विभागात होता. गेल्या वर्षी गॅस लागून गेला. त्याच्या माघारी कारखान्याने तिला नोकरी देऊ केली आणि भट्टीच्या प्रशिक्षणाला बसवलं. केंद्र भट्टीपासून लांब, वेगळ्या इमारतीत होतं, शिकवणारे बाहेरून आलेले. त्यामुळे ताई कोणाची कोण हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनेही कधी सांगितलं नाही. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. विषय निघाला नाही, एवढंच.

शिकवणाऱ्यांना पोरांनी ‘तापमान सर’ असं नाव पाडलं होतं. वर्गात पाऊल टाकलं की नमस्कार-चमत्काराच्या आधी ते विचारायचे, “तापमान किती?” म्हणजे आज भट्टीतून निघालेल्या लोखंडाचं. ज्याला सांगता यायचं नाही त्याने दारातूनच परत फिरायचं आणि नियंत्रण कक्षाला फोन करून विचारून यायचं. मागच्या बाकावरच्या बारक्याने, जो नावाचाच बारक्या होता आणि खुर्चीत मावत नव्हता, एकदा स्वतःला आलेल्या तापाचा आकडा सांगितला होता. सर हसले, पण त्यालाही फोनला पाठवलं.

“भट्टी म्हणजे चूल नाही,” सर म्हणायचे, “वाटलं तेव्हा पेटवली, वाटलं तेव्हा विझवली. वरून खाणीतला लोखंडाचा दगड, कोक आणि चुनखडी पडत राहणार, खालून गरम वारा घुसत राहणार, बुडाशी लोखंड साचत राहणार. तुमच्या घरी लग्न असो की मयत, तिला देणंघेणं नाही.”

ताई हे सगळं लिहून घ्यायची. तिला ते यायचंही. मळी, म्हणजे दगडाचा वितळलेला गाळ, आणि लोखंड वेगळं कसं होतं, बुडाशी भोक पाडून लोखंड काढल्यावर ते पुन्हा मातीच्या तोफेने कसं बुजवतात, वाऱ्याचा दाब चढला तर आधी काय बघायचं, सगळं. डोकं चालत होतं. बाकीचं काही चालत नव्हतं. पहिल्यांदा त्यांना भट्टीच्या फलाटावर नेलं तेव्हा लोखंडाचा पाट वाहायला लागला आणि पोरांनी आ वासला. एक जण नकळत मागे सरकला. ताई तोंडावरची काच खाली ओढून जिथे उभं करण्यात आलं होतं तिथेच उभी राहिली. उडालेली एक ठिणगी बाहीवर बसली, बाही काळी पडली, ती बघत राहिली. बारक्यानेच ती झटकली.

“ताई, तुम्ही काय बर्फाच्या आहात का?”

“असेन,” ती म्हणाली.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. वर्षभरात दोघींनी एकमेकींना जेवलात का, गोळी घेतली का, दार लावलं का, याच्यापुढे फारसं विचारलं नव्हतं. सुरुवातीला नातेवाईक यायचे, कुजबुजायचे, की सून रडली नाही, धक्का बसलाय, तिला कसंही करून रडवा. एका मावशीने तर त्याचा शर्ट आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिने त्याची घडी घातली आणि कपाटात ठेवला. मावशींनी कपाळावर हात मारला.

तर एके दिवशी वर्गात सुरक्षेचा पाठ होता. सरांनी पडद्यावर एक आकृती लावली. एक चौकोनी खोली, तिला एक दार, वरून जाणारा मोठा नळ, आणि दोन ठिपके. एकाखाली लिहिलं होतं ‘अ’, दुसऱ्याखाली ‘ब’.

“गॅस,” सर म्हणाले. “भट्टीच्या वरून निघतो, आपण तो धुऊन पुन्हा जाळायला नेतो. रंग नाही, वास नाही. दोन श्वास पुरतात. नळातून तो बाहेर पडू नये म्हणून खाली भांड्यात पाणी भरून ठेवतात. पाणी खाली गेलं की गॅसला रान मोकळं. आता ही घटना आपल्याच कारखान्यातली. सकाळी पाळी बदलायच्या वेळेला ‘अ’ उत्तरेकडच्या नळाखालच्या खोलीत पाणी तपासायला गेला. बराच वेळ परतला नाही. ‘ब’ त्याला बघायला गेला. दारातून त्याला दिसलं की आत काहीतरी गडबड आहे. तो तसाच आत शिरला. ‘ब’ मेला. आता मला सांगा, ‘ब’चं काय चुकलं?”

उत्तरेकडचा नळ. हे शब्द ताईने ऐकले होते. कारखान्यातली माणसं घरी आली होती तेव्हा त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं होतं, उत्तरेच्या नळापाशी गॅस लागला. तिने तेव्हा पुढे काही विचारलं नव्हतं. गॅस लागला म्हणजे लागला. आपला नवरा कोणाला तरी बघायला आत गेला होता, हे तिला आत्ता, या खुर्चीत बसून कळत होतं.

“गॅसचा मीटर लावला नव्हता,” एक जण म्हणाला.

“मास्क नव्हता.”

“कोणाला सांगितलं नाही.”

“हिरो बनायला गेला, दुसरं काय,” कोणीतरी म्हणालं आणि दोनचार जण फिदीफिदी हसले.

“ताई, तुम्ही सांगा,” सर म्हणाले. “‘ब’ने काय करायला हवं होतं?”

ताई उभी राहिली. हात पडद्याकडे करून, शाळेतल्या पोरांना सांगायची तसं सांगितलं. “दारातच थांबायला हवं होतं. आधी वर्दी द्यायची. मास्क चढवायचा. दुसरा माणूस दारात उभा करायचा. मगच आत जायचं.”

“शाब्बास. लिहून घ्या रे.”

ती बसली आणि तिनेही लिहून घेतलं.

तास संपल्यावर पोरं कँटीनकडे पळाली. ताई सरांच्या टेबलापाशी गेली.

“सर, ‘अ’चं काय झालं?”

“‘अ’? वाचला की.” सर वायर गुंडाळत होते. “खरी मेख तिथेच आहे. तो आत नव्हताच. गरगरायला लागल्यावर मागच्या दाराने कसाबसा बाहेर पडला आणि मोकळ्या हवेत कोसळला. बॅटरी तेवढी आत पडली, चालू. ‘ब’ने उजेड बघितला आणि त्याला वाटलं, माणूस आत आहे.”

“चित्रात मागचं दार नाही.”

सरांनी पडद्याकडे बघितलं. “नाही खरं. राहिलंय.”

“तो ‘अ’ आता कुठे असतो?”

“पंपावर टाकलंय त्याला. का हो?”

“सहज,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पंपघरात गेली. भट्टीच्या अंगाला सतत गार पाणी खेळवत ठेवावं लागतं, ते पाणी इथून जातं. आत यंत्रांचा एवढा घोंगाट की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. एक माणूस दाबाच्या काट्यांवरून फडकं फिरवत होता. तिला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. फडकं हातातच राहिलं. तिने त्याला ओळखलं नाही. त्याने मात्र तिला कधीतरी नवऱ्याबरोबर बघितलं असणार.

तो तिला बाहेर, भिंतीच्या आडोशाला घेऊन आला.

“वहिनी, मी येणार होतो,” तो म्हणाला. “दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलो.”

“मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही त्याला बघितलं का. आत येताना.”

“नाही हो. मला काहीच आठवत नाही. भांड्यातलं पाणी बघायला वाकलो, ते आठवतं. मग दवाखान्यातला पंखा. मधलं कोणीतरी पुसून टाकल्यासारखं आहे. तो माझ्यासाठी आत गेला, हेही मला लोकांनी सांगितलं.” त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “लोक विचारतात कसं वाटतं. मी काय सांगू? मला काही वाटतच नाही, वहिनी. बायको म्हणते, तू दगड झालास.”

ताईने मान हलवली. तिला खूप दिवसांनी कोणाचं तरी बोलणं पुरतं समजलं होतं.

“डोकं दुखतं का अजून?” तिने विचारलं.

“सकाळी सकाळी.”

“डॉक्टरांना दाखवत राहा.”

एवढंच बोलून ती परत आली. जेवणाचा डबा तसाच बंद राहिला होता. तो तिने बारक्याकडे सरकवला आणि बारक्याने काही न विचारता तो संपवला.

आठवडाअखेरीला प्रशिक्षणातली शेवटची, प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. केंद्राच्या मागे एक लोखंडी खोली उभारली होती. आत माणसाच्या वजनाचं पोतं कपडे घालून पालथं पाडलेलं, आणि दारातून फक्त त्याचे बूट दिसायचे. परीक्षार्थीने दाराशी यायचं, मीटर बघायचा, वर्दी द्यायची, मास्क चढवायचा, जोडीदार येईपर्यंत थांबायचं, आणि मग आत जाऊन पोतं ओढून आणायचं. पोरांचं सगळं पाठ होतं, तरी परीक्षा म्हटल्यावर घाई व्हायचीच. एक जण मास्कचा पट्टा न आवळताच घुसला आणि बाद झाला. बारक्या दारात अडकला, तेव्हा सरांनाही हसू आवरेना.

ताईची वेळ आली. ती दाराशी गेली. मीटर बघितला. वर्दी दिली. मास्क चढवला, पट्टे ओढले, तळहाताने हवा गळते का बघितलं. मग जोडीदाराची वाट बघत उभी राहिली. जोडीदाराला मुद्दाम उशिरा सोडायचे, माणूस धीर सोडून एकटाच घुसतो का बघायला. समोर ते बूट होते. बूट कोणाचेही असू शकतात. ती उभी राहिली. मास्कमध्ये तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता, येणारा आणि जाणारा. जोडीदार आला, दोघांनी पोतं बाहेर काढलं, सर म्हणाले, “एक नंबर. असं पाहिजे.”

मास्क काढल्यावर तिचे दात वाजायला लागले. बाहेर ऊन होतं. ती पायरीवर बसली आणि हात मांडीखाली दाबून धरले. तिला वाईट वाटत नव्हतं, भीती वाटत नव्हती. अंगच आपलं आपण कापत होतं, दुसऱ्याचं असल्यासारखं. पोरं गोळा झाली. कोणी पाणी आणलं. सरांनी सगळ्यांना पिटाळलं आणि तिच्या शेजारी बसले.

“पंपावरचा माणूस काल आला होता माझ्याकडे,” ते म्हणाले. “त्याने सांगितलं तुम्ही कोण ते. मला ठाऊक असतं तर मी तो प्रश्न तुम्हाला... मी तो पाठच काढून टाकतो, ताई.”

कापरं थांबल्यावर तिने पोरांनी आणलेलं पाणी संपवलं.

“काढू नका,” मग म्हणाली. “मागचं दार तेवढं काढा चित्रात. आणि बॅटरीचं सांगा पोरांना. त्याला उजेड दिसला होता, हे सांगा. नाहीतर त्यांना वाटतं, उगाच शिरला.”

सरांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावरच लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई ओट्यापाशी मटार सोलत होत्या. ताई हात धुऊन त्यांच्या समोर बसली आणि सोलायला लागली. मग सोलता सोलताच सगळं सांगितलं. खोली, पाणी, बॅटरी, मागचं दार, पंपावरचा माणूस. आवाज न चढवता, काही न गाळता. सासूबाईंची बोटं चालत होती ती हळूहळू थांबली.

“म्हणजे आत कोणी नव्हतंच?”

“नव्हतं.”

“आणि तो माणूस पलीकडे पडला होता? उघड्यावर?”

“हो.”

सासूबाईंनी हातातली शेंग टोपलीत आपटली. “मग खोलीला एक वळसा घालून बघायला काय झालं होतं याला! नुसतं घुसायचं. डोकं म्हणून चालवायचं नाही. पन्नास वेळा सांगितलं असेल, आधी बघ, मग पाय टाक. कधी ऐकलं असेल तर शपथ! घोडा झाला तरी अक्कल आली नाही मेल्याला!”

त्या ओरडत होत्या, जणू तो आत्ता दारात उभा राहून बोलणी खातोय. वर्षभर या घरात त्याच्याविषयी सगळे हळू आवाजात बोलले होते. ताई ऐकत राहिली. तिचे डोळे कोरडेच होते, पण तिला वाटलं, आणखी बोलाव्यात, थांबू नयेत.

“मीसुद्धा वर्गात हेच सांगितलं, आई,” ती म्हणाली. “त्याचं चुकलं म्हणून.”

“चुकलंच!” सासूबाई म्हणाल्या, आणि मग पदराने बराच वेळ तोंड पुसत बसल्या. टोपलीबाहेर उडालेले दाणे ताईने एकेक करून वेचले.

“उद्यापासून तुला भट्टीवर पाठवणार?” सासूबाईंनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

“उद्यापासून. सकाळची पाळी.”

“मग ऐक. आत कोणीही दिसलं तरी जायचं नाही. मास्क आल्याशिवाय नाही. कळलं?”

“कळलं.”

“मी दिसले तरी नाही.”

ताईने त्यांच्याकडे बघितलं. “तुम्ही दिसलात तरी नाही, आई,” ती म्हणाली, आणि शेंगांची सालं उचलून बादलीत टाकायला उठली.