जेलीतली पेशी

वहिनी केकच्या दुकानात जेली बनवायची, आणि गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत एका शब्दावर तिची दांडी उडाली होती. पेशीद्रव म्हणजे काय, असं परीक्षक बाईंनी विचारलं, तर ही बया म्हणाली, "काही नाही, उरलेली जागा." झालं! जीवशास्त्र गेलं आणि त्यापाठोपाठ नर्सिंगचा प्रवेशही गेला. यंदाची संधी शेवटची, पुढच्या वर्षी वयच उलटणार होतं.

शिकवायला धाकटी नणंद होती, शाळेत शिक्षिका. "वहिनी, पाठ कर. पेशीचं पटल आणि केंद्रक यांच्यामधला तरल पदार्थ म्हणजे पेशीद्रव."

"पाठ आहे गं, मास्तरीणबाई. पण तो तिथे करतो काय? चित्रात सगळ्यांना नावं देऊन झाली की मोकळं उरतं, तेच ना ते?"

नणंदेने कपाळाला हात लावला. "मग तुझ्या जेलीचीच पेशी कर आणि बघ."

वहिनीला हुरूप आला. काचेच्या भांड्यात गरम जेली ओतली, केंद्रक म्हणून आलुबुखार टाकलं, बाकीची अंगकं म्हणून द्राक्षं आणि बेदाणे. पण घाई नडली. जेली जरा आळू द्यायची असते, हे दुकानात पोरींना ओरडून सांगणारी बाई स्वतःच विसरली. पेशीतलं यच्चयावत सामान तळाशी जाऊन बसलं.

"मेली तुझी पेशी!" नणंद हसत सुटली. वहिनी मात्र भांड्याकडे बघतच राहिली.

"अगं बाई! म्हणजे ही उरलेली जागा नव्हेच. हीच तर सगळ्यांना धरून ठेवते!"

दुसऱ्या खेपेला तिने धीर धरला. फळं जिथल्या तिथे राहिली.

परीक्षेला नेमक्या त्याच बाई, आणि प्रश्नही तोच. वहिनीने व्याख्या घडाघडा म्हटली.

"हे पाठांतर झालं," बाई म्हणाल्या. "पेशीद्रव नसेल तर?"

"अंगकं जागेवर राहणार नाहीत, बाई. एकमेकांना काही पोचवणार नाहीत. सगळा कारभार ठप्प! मी घाईघाईत एक पेशी मारलीय ना अशी, जेलीची."

बाईंना हसू आवरेना. कागदावर काहीतरी लिहीत त्या म्हणाल्या, "वॉर्डात तेवढी घाई करू नका."

बाहेर नणंद नखं खात उभी होती. "काय झालं? बोल ना!"

वहिनीला रडूच फुटलं. "बाई म्हणाल्या, वॉर्डात घाई करू नका."

"वॉर्डात?" नणंद किंचाळली, आणि दोघींनी तिथेच पायरीवर एकमेकींना मिठी मारली.