वाळेपर्यंत बसा

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकायला बरं वाटतं हे खरं, पण ही गोष्ट हळू आवाजातली आहे, तिथवर पोचायची नाही. राजाराणीची नाही. एका धुण्याची आहे. ज्याने माणसाला दोन हात दिले त्याचं स्मरण करायचं आणि ऐकायचं, एवढंच.

धाकटीने, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेने, गाठोड्याची गाठ सोडली.

आत बासष्ट फडकी होती. हातभर लांबीची, चौपदरी घडी घातलेली, कडक इस्त्रीची. आणि पांढरीशुभ्र. तिने वरचं उचललं, मधलं ओढलं, तळातलं उपसून पाहिलं. एकावरही डाग नव्हता.

धुणाऱ्यांची ती वस्ती. बासष्ट घरं, पुढे दोऱ्यांचं मैदान, आणि मैदानापलीकडे शहराचा कचरा जाळून वीज करणारा कारखाना. धुराडं एकच, पण अष्टौप्रहर धुमसणारं. आता शेजारी दुसऱ्या धुराड्यासाठी पाया खणला होता. हवा मोजायचं सरकारी यंत्र दोन कोसांवर कचेरीच्या गच्चीत बसवलेलं. ते रोज सांगायचं, सगळं ठीक आहे. म्हणून वस्तीने बैठक घेऊन ठरवलं, की प्रत्येक घराने एक पांढरं फडकं धुराड्याकडे तोंड करून आठ दिवस टांगायचं. झटकायचं नाही, धुवायचं नाही. नवव्या दिवशी पाहणीला सरकारी साहेब येणार होते, त्यांच्यापुढे बासष्ट काळी फडकी मांडायची. धाकटीने काल संध्याकाळी ती दारोदार फिरून गोळा केली होती, तान्ह्या बाळासारखी उराशी धरून.

"आई, ही फडकी कुणी धुतली?"

सासूबाई चुलीपाशी हात शेकत बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, पण चेहरा समाधानाने नुसता उजळलेला.

"कुणी म्हणजे? मीच. पहाटे उठले. मळ साधा नव्हता हो, तीन-तीन पाणी बदलावं लागलं. आणि दोरीवर टाकलीच नाहीत, नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या. इस्त्रीनेच वाळवली."

"आई, ती मळकीच दाखवायची होती!"

"साहेबाला? मळकी?" म्हातारीने मान वर केली. "तू सांगितलंस, फडकी साहेबाला द्यायची आहेत. साठ वर्षांत या हातांनी परक्याच्या हातात मळका कपडा दिलेला नाही. आज देऊ?"

धाकटी उंबऱ्यावरच बसली. आतल्या खोलीत तिची सात वर्षांची मुलगी तीन उशांना टेकून झोपली होती. आडवं पडलं की तिला श्वास पुरत नसे. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले होते, जागा बदला. जणू काही जागा म्हणजे बांगड्याच. एका धुराड्यात ही गत, तर दुसरं उभं राहिल्यावर काय, हा विचार धाकटी कधी पुरा करत नसे.

तेवढ्यात शेजारीण आली. तिला वस्तीत सगळे रेडिओ म्हणत. तिने गाठोड्यात डोकावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज गेला. क्षणभरच.

"अगं बाई! आठ दिवसांचा पुरावा आणि तुझ्या सासूने त्याला नीळ दिली!"

"हळू बोल."

"हळू काय? कारखान्याने हिला पगारावर ठेवायला हवी! अगं, आता साहेबाला दाखवायचं काय? आपली इस्त्री?"

म्हातारीने ऐकलं. शेकायला पसरलेले हात तिने मिटून मांडीत घेतले. धाकटीला तिच्याकडे बघवेना आणि तिच्यावरचा रागही गिळवेना.

दहाच्या सुमारास साहेबांची गाडी गल्लीतून आत आली आणि मैदानात थांबली. साहेब उतरले, आणि त्याच गाडीतून कारखान्याचे मॅनेजरही उतरले.

"वा," रेडिओ पुटपुटली. "वऱ्हाड एकाच गाडीतून आलं."

साहेब वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. बगलेत छापील कागद, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. धाकटीने गाठोडं पुढे ठेवलं. ठेवण्यावाचून दुसरं होतं काय? त्यांनी चार फडकी उलगडली आणि भुवया उंचावल्या.

"बाई, ही तर स्वच्छ आहेत."

मॅनेजर मोकळेपणाने हसले. "मी म्हणत नव्हतो? गेल्या खेपेला हेच लोक काळे कपडे घेऊन कचेरीत आले होते. तेव्हाच म्हटलं, धुराडं कशाला बघता, यांना धुता येत नसेल. आता आपण येणार म्हटल्यावर नीट धुतलं, तर बघा, चकचकीत!"

सगळी वस्ती धाकटीकडे बघत होती. एक वाक्य पुरे होतं: आमच्या म्हातारीने घोळ घातला. ते तिच्या ओठांवर आलंही. तिने मागे पाहिलं. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून ताठ उभ्या होत्या, कान मैदानाकडे लावून. धाकटीने ते वाक्य गिळलं, आणि गिळता गिळता मॅनेजरांचं बोलणं तिच्या डोक्यात लख्ख उतरलं. मळकं नेलं तर धुता येत नाही, आणि धुतलं तर तक्रार नाही.

"बरोबर आहे साहेब, स्वच्छच आहेत," ती म्हणाली. "आमच्या सासूबाईंनी धुतली आहेत. आमच्या हातून कपडा असा निघतो, हे एकदा डोळ्यांनी बघून ठेवा."

"मग तक्रार काय आहे?"

"ती सांगायला वेळ लागतो. वाळेपर्यंत बसा."

"काय वाळेपर्यंत?"

धाकटी वळली आणि ओरडली, "चादरी काढा! दवाखान्याच्या!"

आता हे समजून घ्या. दवाखान्याच्या चादरी म्हणजे वस्तीची भाकरी. त्या बाहेर वाळत घालणं वर्षभरापासून बंद होतं. खोल्याखोल्यांतून, पंख्याखाली, माणसांच्या डोक्यावर त्या वाळायच्या. त्या दिवशीच्या नुकत्याच पिळून झाल्या होत्या. उघड्यावर घातल्या तर सगळ्यांची मेहनत मातीत. बायका एक क्षण थबकल्या. मग पहिली चादर रेडिओने फडकवली.

"घाला गं! बघतेच काय होतं ते!"

दाराबाहेर बादल्या आल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. मैदानात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या चादरी उभ्या राहिल्या, आणि जागा पुरेना तशा गल्लीच्या तोंडावरही. गाडी मधोमध. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"वाजवा," रेडिओ म्हणाली. "भोंग्याने वाळत असतील तर बरंच आहे."

"वाट सोडा," मॅनेजर गरजले. "ही अडवणूक आहे!"

"अडवणूक कसली? हा आमचा रोजचा धंदा," धाकटी म्हणाली. "ओला कपडा आम्ही दोरीवरून उतरवत नाही. आजाऱ्यांच्या चादरी आहेत. गाडी घालायची तर घाला, पण मग चाकाचे डाग कुणाचे, तेही कागदावर लिहा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चारी बाजूंच्या चादरींच्या पांढऱ्या भिंती पाहिल्या. मग कुणीतरी आणून ठेवलेल्या स्टुलावर ते बसले.

ऊन चढत गेलं. कुणी घोषणा दिली नाही. बासष्ट घरांची माणसं दोऱ्यांखाली बसून राहिली, आणि वर ते धुराडं आपलं काम इमानेइतबारे करत राहिलं. मधूनच आतल्या खोलीतून खोकला यायचा. साहेबांनी दोनदा तिकडे मान वळवली. तिसऱ्यांदा विचारलं, "कोण आहे?"

"माझी मुलगी," धाकटी म्हणाली.

दोन तासांनी चादरी वाळल्या. लांबून अजून पांढऱ्याच दिसत होत्या. मॅनेजरांनी जवळ जाऊन पाहिलं आणि खांदे उडवले. "किंचित धूळ आहे. रस्त्यावरची."

तेव्हा म्हातारी चौकट सोडून निघाली. भिंतीला हात लावत, मग दोरीला हात लावत ती आली. चादरीवर तिने अंगठा फिरवला, आंधळ्या माणसाने ओळखीचा चेहरा चाचपावा तसा.

"धूळ झटकली की उडते," ती म्हणाली, आणि चादरीचा काठ दोन्ही हातांनी धरून तिने असा फटका दिला की साहेब दचकून उभे राहिले. काहीही उडालं नाही. "ही चिकट आहे. ही चोळली की पसरते. साहेब, तुमचा हात इकडे द्या."

साहेबांनी हात दिला. का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हातारीने त्यांचा तळवा चादरीवर ठेवला आणि दाबून एकदाच ओढला.

पांढऱ्या कापडावर हातभर लांब काळा पट्टा उमटला.

साहेबांनी तळवा उलटा करून पाहिला. मग बगलेतला कागद काढला, गुडघ्यावर धरला आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. लिहून झालं तेव्हा कागदाच्या कडेला त्यांच्या पाच बोटांचे ठसे काळेकुट्ट उठले होते.

"साहेब, खराब झाला," मॅनेजर लगबगीने म्हणाले. "गाडीत दुसरा कोरा आहे, देतो."

"नको," साहेब म्हणाले. "हाच असू दे."

गल्लीतल्या चादरी उतरल्या, गाडी गेली. मॅनेजर पायीच कारखान्याकडे निघाले. रेडिओला एकाच वेळी बासष्ट घरांना सगळं सांगायचं होतं, आणि सगळ्यांनी ते बघितलेलंच होतं.

म्हातारी मात्र धुण्याच्या दगडाजवळ जाऊन बसली होती.

"दवाखान्याला चादरी कधी द्यायच्या?"

"उद्या सकाळी, आई."

"मग आणा इकडे. अशा मळक्या देणार आहात का?"

धाकटीने बाह्या सारल्या आणि ती समोर बसली. पहिली चादर दोघींनी मिळून पाण्यात घातली. थोड्या वेळाने सासूबाईंनी मान न उचलता विचारलं, "सकाळी माझं चुकलं होतं का गं?"

धाकटीने चादरीचं आपलं टोक पिळलं. "तुमच्याकडचं टोक घट्ट धरा, आई," ती म्हणाली. "निसटतंय."

पुढचं म्हणाल, तर दुसऱ्या धुराड्याचा पाया अजून पायाच आहे. त्यात पावसाचं पाणी साचतं. पहिलं अजून धुमसतं, आणि ते बंद व्हावं म्हणून वस्तीची बैठक दर आठवड्याला भरते. म्हातारी आता नाही. तिचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. त्या कागदावरचे ठसेसुद्धा साहेबांचे. म्हणून एवढंच मागणं आहे. रात्री अंथरूण घालाल, स्वच्छ चादर झटकाल, तेव्हा हात जोडता जोडता घटकाभर तिची आठवण काढा.