निम्म्या पावसाची सात वर्षे

सलग सात वर्षे आमच्या गावात शेजारच्या गावांच्या निम्माच पाऊस पडला, अशी नोंद आहे. त्याच सात वर्षांत आमच्या नदीला दोनदा पूर आला.

मित्रांनो, ती नोंद माझ्यावरून झाली. मी एक जुना पर्जन्यमापक आहे. कचेरीच्या मागच्या अंगणात रोवलेले नरसाळे आणि त्याखाली एक बाटली, एवढाच माझा संसार. रोज सकाळी साडेआठला नोंदनीस येत, बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतत, वाकून डोळा पातळीला आणत आणि आकडा वहीत लिहीत. मला आकडे कळत नाहीत. माझे काम पाणी धरण्याचे. दिवसभरात माझ्याकडे येणारे ते एकटेच.

दुसऱ्या पुरानंतर लोक म्हणू लागले, हा घरी बसून आकडे ठोकतो. नोंदनीसांचे नाव ‘अंदाजपंचे’ पडले आणि त्यांची नोकरी गेली. गावाच्या इतिहासात तसेच छापले गेले; पुढच्या प्रत्येक लेखकाने ते उतरवून घेतले. माझ्याकडे कोणी फिरकेना. पावसाळ्यात मी भरून वाहत असे, उन्हाळ्यात नरसाळ्यात कोळी जाळे विणत असे. मित्रांनो, छापलेले वाक्य पुन्हा छापण्याआधी अंगणात एक फेरी मारत जा.

चाळीस वर्षांनी एक इतिहास संशोधक बाई आल्या. सोबत नोंदनीसांची मुलगी होती, आता सत्तरीची.

“बाबा रोज भिजून यायचे हो. घरी बसून लिहिणारा भिजेल कशाला?”

“आजी, भिजणं हा पुरावा नाही. आकडे बनावट निघाले तर मी तेही छापीन.”

“छापा. निदान बघून तरी छापाल.”

बाईंनी वही उघडली. “थापा मारणाऱ्याचे आकडे वेडेवाकडे येतात. हे दर महिन्याला शेजाऱ्यांच्या जवळजवळ बरोबर निम्मे आहेत. थापेला इतकी शिस्त नसते.”

निम्मा पाऊस सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वहीत एक ओळ होती: ‘जुने माप फुटले. कचेरीकडून दुसरे मिळाले.’ ते दुसरे माप कचेरीच्या कपाटात तसेच होते. बाईंनी माझ्या नरसाळ्याचा व्यास मोजला, मापात शंभर मिलिलिटर पाणी ओतले आणि म्हणाल्या, “दहा मिलिमीटर दिसायला हवेत. वाचा आजी.”

आजींनी चष्मा पुसला, वाकून डोळा पातळीला आणला. “पाच.”

ते माप माझ्या दुप्पट क्षेत्रफळाच्या नरसाळ्यासाठी आखलेले होते. नोंदनीसांनी सात वर्षे रोज पाणी मोजले आणि त्या मापावर दिसलेला आकडा जसाच्या तसा लिहिला.