फटाके आधी, सिक्स मागून

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या तृप्तीचा टीव्ही वानराने फोडला. केळीच्या घडासाठी ते खिडकीतून आत आलं, काळ्या पडद्यात त्याला दुसरं वानर दिसलं, आणि त्याने कच्चं केळं असं भिरकावलं की आवाजाने उडालेली कबुतरं थेट तापीपलीकडे जैनाबादला जाऊन बसली. खोटं वाटत असेल त्याने कबुतरांना विचारावं.

तृप्तीला मात्र हसू येत नव्हतं. साडेचार वाजले होते. पाच वाजता इथल्याच लालबागच्या मोहितशी तिची क्रिकेटच्या गेमची ऑनलाइन मॅच होती. जो जिंकेल तो इंदूरच्या स्पर्धेत बुऱ्हाणपूरकडून खेळणार. जागा एकच. आणि पाचाला जो हजर नाही तो बाद. दिवसभर शाळेत गणित शिकवून दोन वर्षं रोज संध्याकाळी तिने याच्यासाठी अंगठे दुखवून घेतले होते.

टीव्ही गेला तर गेला, लॅपटॉप आहे की! तिने कन्सोलची एचडीएमआय वायर लॅपटॉपला खोचली. पडद्यावर शाळेचं वेळापत्रक. काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली. वेळापत्रक जागचं हललं नाही.

घड घेऊन आलेले देवराममामा बाजूला बसून बघत होते. उभी हयात केळीला ठिबकच्या नळ्या जोडण्यात गेलेला माणूस.

"पोरी, या भोकाला एरवी काय लावतेस?"

"शाळेतला प्रोजेक्टर. लॅपटॉपमधलं भिंतीवर दिसतं."

"मग हे पाणी सोडायचं तोंड झालं. तू घ्यायला लावतेस! आत वाल्व असंल, परत फिरू न देणारा. सगळी तापी उलटी जोडलीस तरी थेंब शिरायचा नाही."

तृप्तीने वायर उपटली. चित्र आत घ्यायचं तर दुसरं तोंड हवं. आणि तसलं तोंड असलेली डबी, कॅप्चर कार्ड, गावात एकाकडेच: लग्नं लाइव्ह दाखवणाऱ्या चुडामणकडे. कॅमेऱ्याचं चित्र तो त्याच डबीतून यूएसबीने लॅपटॉपात घेतो. चुडामण मागच्याच गल्लीत एका लग्नात होता. ती अनवाणीच पळाली.

"ताई, पागल झाली का? लाइव्ह चालू आहे!"

"नवरदेव जेवतो तेव्हा?"

चुडामणने मांडवात डोकावून पाहिलं. "पाचला पंगत बसंल. मी आधीच बंद करतो. पण बीस मिनिट. सिर्फ बीस! ताक आलं की मी आलोच."

पाचाला एक मिनिट कमी असताना लॅपटॉपवर मैदान उगवलं. दोन-दोन ओव्हरची मॅच. मोहितने आधी खेळून चोवीस केल्या. हिची बॅटिंग आली आणि पहिल्याच चेंडूला दांडी गुल. दुसऱ्यालाही. चेंडू दिसतोय, बटण वेळेवर दाबतेय, तरी बॅट उशिरा. तिसरी विकेट म्हणजे खेळ खलास.

"मामा, डबीतून चित्र मागून येतंय!"

"मागच्या फायनलला नाही का? शेजारी फटाके फुटले, मग आपल्या मोबाइलवर सिक्स दिसला. मी त्या दिवशी मोबाइल ठेवला आणि शेजाऱ्यांचा ओरडाच ऐकत बसलो."

तृप्तीने मामांकडे पाहिलं. मग ड्रॉवर उपसून जुना वायरचा इअरफोन काढला आणि कंट्रोलरलाच खोचला. कंट्रोलरचा आवाज डबीतून येत नव्हता, सरळ कन्सोलमधून येत होता, मोहितच्या माइकसकट. बॉलरची पावलं. टप्पा. तिने दाबलं. पडद्यावर चेंडू अजून पडायचाच होता, कानात मात्र 'टक्क' वाजलं.

चौकार. मग आणखी एक. मग एकेक, दोन-दोन धावा. शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या.

दारात चपला वाजल्या. "ताई, ताक झालं! नवरदेव हात धुतोय!"

"एक बॉल, चुडामणभाऊ!"

"तिथं नवरीचा मामा मला धुवंल!" म्हणत त्याने लॅपटॉपमधून डबी उपटली.

पडदा काळा. मामांनी कपाळाला हात लावला. तृप्तीने मान वळवली नाही. कानात पावलं येत होती. एक, दोन, तीन, चार... टप्पा.

तिने दाबलं.

मग नुसता गर्दीचा गोंगाट. कुणासाठी, कळायला मार्ग नाही. तिने श्वास धरून ठेवला. मामांनीही धरला, आणि दारातल्या चुडामणनेही.

आणि कानात लालबागहून मोहित किंचाळला, "अरे यार, छक्का! दीदी, आँख बंद करके खेलती हो क्या?"

"हो," तृप्ती म्हणाली.