हलता दात

खोलीत एकवीस माणसं होती, खिडकीला लटकलेली सहा आणि दाराबाहेर चपलांचे सत्तावीस जोड. मधोमध नळीवाले महाराज, त्यांची पितळी नळी आणि पाण्याचा वाडगा.

समोर मास्तरची आई बसली होती. पित्ताशयाच्या ऑपरेशनपासून तिचा आवाज बसला होता आणि खोकला थांबत नव्हता. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचा. कुणी विद्यार्थी दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली होती.

आईने छातीच्या उजव्या बाजूला बोट लावलं.

"घसा दुखतोय तिचा, महाराज," मास्तर म्हणाला.

"दुखणारच! भूल दिली की जीव जातो फिरायला. घर उघडं! भूत आत शिरलं, हिचा पुढचा दात उपटला आणि घशात खिळ्यासारखा ठोकला."

आईच्या वरच्या दातांत फट होतीच. खोलीत कुजबुज झाली. महाराजांनी नळी तिच्या गळ्याला लावली, जोरात ओढलं आणि वाडग्यात थुंकले. टण्ण!

"दात!" सगळे ओरडले. मास्तरनेही हात जोडले.

आईने तो उचलला, पदराला पुसला आणि फटीशी धरला. फटीच्या दुप्पट रुंद! ती दाढ होती. मग तिने महाराजांच्या फुगलेल्या डाव्या गालावर बोट ठेवलं.

"महाराज, आ करा बघू," खिडकीतला रिक्षावाला म्हणाला.

"अपवित्र माणसा—" एवढं बोलताच तोंडातून आणखी एक दाढ घरंगळली. मागोमाग एक खडा.

"हा कुणाच्या मूतखड्याचा हो?" रिक्षावाल्याने विचारलं.

सगळे हसले. मास्तरला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाईंनी आईचा एक्स-रे दिव्यावर धरला. "हलता दात आहे का, असं मी ऑपरेशनआधी विचारलं होतं."

"मीच नाही म्हणालो. तिला बोलूच दिलं नाही."

"आणि मी तोंडात नीट पाहिलं नाही." बाईंचाही आवाज उतरला. "भूल दिल्यावर श्वासासाठी घशातून नळी घालतो. ती स्वरतंतूंना घासली, म्हणून आवाज बसला. तो बहुतेक परत येईल. पण दात निसटून श्वासनळीत गेला, त्याचा हा खोकला. ऑपरेशननंतर असं काही झालं तर आधी आमच्याकडे या. चूक आमची असेल, तर नक्कीच या."

मास्तर आईपुढे उकिडवा बसला. "आई, कुठे दुखतं गं?"

या वेळी तो थांबला. आईने पुन्हा उजवीकडेच बोट लावलं.

दुपारी दुर्बीण घालून उजव्या फुप्फुसाच्या तोंडाशी अडकलेला दात काढला. बाईंनी तो पट्टीवर ठेवला. लांबी बावीस मिलिमीटर, रुंदी सहा, फटीएवढीच, मूळ एक.